ओढत नेलेले पाणी

प्रवासाला निघताना पाणी बरोबर घ्यावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. फिरकीचा तांब्या ही आपल्या प्रवासाची एके काळची खूणच होती. आगगाडीच्या खिडकीपाशी, बैलगाडीतल्या कडब्याच्या बैठकीवर, एस. टी.च्या बाकाखाली तो असावयाचाच. त्याच्याही आधी लष्कराच्या मागून पखालीचे बैल चालत, पाठीवर मसक टाकून भिस्ती चालत आणि यात्रेकरू कावडी खांद्यावर घेऊन कोसच्या कोस तुडवीत. घागर, कळशी, हंडा, चरवी, गडू, चंबू, झारी, सुरई, बुधला, पखाल, मसक, छागल! पाणी ठेवण्याच्या आणि वाहण्याच्या साधनांना आपल्या भाषेत जितकी नावे आहेत, तितकी सोने ठेवण्याच्या साधनांनाही नसतील. मराठीचा अध्यापक या नात्याने मला या यादीचा थोडासा अभिमान आहे. वाचकांनी तो क्षम्य मानावा.

या बहुतेक साधनांत एक गोष्ट मात्र समान आहे. त्यांतले पाणी माणसाच्या किंवा जनावराच्या अंगावर असते. ते डोक्यावर, कमरेवर, खांद्यावर बसते आणि वाहणाऱ्याला आपले वजन पावलोपावली जाणवून देते. परंतु जे पाणी आपल्या पाठीमागे चाकांवर धावत असते, डोळ्यांना दिसत नाही, आणि तरीही ज्याच्यावर सगळ्यांचे प्राण अवलंबून असतात, त्या पाण्याची तऱ्हा अगदी निराळी आहे. ती मला जवळून पाहावयास मिळाली ऑस्ट्रेलियात. ॲडलेड शहरी माझी धाकटी बहीण आणि मेहुणे अनेक वर्षे राहतात. २०२३ सालच्या मे महिन्यात, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्टीत आणि तेथील थंडीच्या तोंडाशी, त्यांच्या ‘कॅम्पर ट्रेलर’बरोबर त्या देशाच्या कोरड्या पोटात शिरण्याचा योग आला.

मोटारीमागचे बिऱ्हाड

कॅम्पर ट्रेलर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. मोटारीच्या मागे जोडलेली ही एक बुटकी, दणकट, दुचाकी गाडी असते. चालताना ती एखाद्या मोठ्या पेटीसारखी दिसते. मुक्कामावर पोचले की पेटीचे झाकण उलगडावयाचे; आतून जाड किंतानाचा तंबू उभा राहतो, गादी पसरली जाते, आणि कडेचा खण ओढला की शेगडी, ताटल्या, हात धुण्याचे भांडे असे सगळे स्वयंपाकघर बाहेर सरकते. धनगराचे बिऱ्हाड घोड्यावर असते, लमाणाचे पूर्वी बैलांच्या पाठीवर असे. यांचे मोटारीच्या मागे असते, एवढाच फरक. नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी जोडपी तिकडे अशी सहा-सहा महिने देशभर हिंडत असतात. ‘ग्रे नोमॅड्स’, म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे त्यांना कौतुकाने म्हणतात.

या पेटीच्या तळाशी, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, पाण्याची टाकी असते. कोणाची साठ लिटरची, कोणाची दीडशे-दोनशेची. तंबू, शेगडी, गाद्या या सगळ्या हौसेच्या वस्तू. टाकी मात्र हौसेची नव्हे. त्या देशाचा नकाशा आणि इतिहास थोडा डोळ्यांपुढे आणला म्हणजे याची खात्री पटते.

समुद्र शोधीत निघालेली होडी

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याने वस्ती आहे आणि पोट रिकामे आहे. या पोटात मोठा समुद्र असला पाहिजे, अशी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकातील गोऱ्या संशोधकांची समजूत होती. चार्ल्स स्टर्ट हा १८४४ साली ॲडलेडहून निघाला तेव्हा त्याने गाडीवर घालून चक्क एक होडी बरोबर नेली! बैलांनी आणि घोड्यांनी वाळवंटातून होडी ओढीत न्यावी, हा प्रकार एखाद्या लोककथेत शोभावा. समुद्र नव्हताच. उलट पुढचे-मागचे पाणवठे आटल्यामुळे १८४५ च्या जानेवारीपासून जुलैपर्यंत ही मंडळी एकाच झऱ्याकाठी अडकून पडली, आणि स्टर्टचा प्रमुख सहकारी तेथेच स्कर्व्हीने वारला. होडी बरोबर होती, पाणी नव्हते.

एडवर्ड आयर याने १८४१ साली दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे पायी मजल मारली. नलारबोरचे पठार हे या वाटेवरचे. ‘नलारबोर’ या नावात लॅटिन भाषेतले ‘झाड नाही’ असे दोन शब्द दडलेले आहेत. पठार चुनखडीचे, पडेल तो पाऊस खडकाच्या भेगांतून खाली निघून जातो, पृष्ठभागावर ओढा नाही की तळे नाही. आयरने पहाटे झुडपांच्या पानांवरचे दव स्पंजाने टिपून ते पिळून प्यायले. तो वाचला तो त्याच्याबरोबर अखेरपर्यंत राहिलेल्या वायली या आदिवासी तरुणाच्या सोबतीमुळे, आणि वाळूच्या टेकाडांमागे कोठे खणले असता गोडे पाणी लागते, हे वाटेतल्या आदिवासींनी दाखविल्यामुळे. आयरच्या नावाचा हमरस्ता आता त्याच पठारावरून जातो. १९७६ साली तो सबंध डांबरी झाला. पण डांबर आले म्हणून पाणी आले असे नाही. सेडूना ते नॉर्समन या सुमारे बाराशे किलोमीटरांच्या टापूत पेट्रोलचे थांबे आहेत. पाणी मात्र ज्याने त्याने आपले आणावे, अशी अपेक्षा असते.

या कोरड्या मुलखात पाणी वाहून नेण्याचे काम पहिल्यांदा नीट केले ते उंटांनी, आणि त्या उंटांबरोबर गेलेली माणसे आपल्या उपखंडातली होती. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराची बंदरातून उंट नेण्यात आले. पुढे १८६६ च्या सुमारास टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने शंभराहून अधिक उंट मागविले. सिंध, बलुचिस्तान, पंजाब, पेशावर, अफगाणिस्तान अशा निरनिराळ्या ठिकाणचे हे उंटवाले. पण गोऱ्यांनी त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ ठरविले आणि त्याचेही पुढे ‘घान’ केले. ॲडलेडहून उत्तरेकडे जाणारी प्रसिद्ध आगगाडी आजही ‘द घान’ या नावाने धावते. उंटाच्या पाठीवर पिंपे बांधताना दोन्ही बाजूंचा भार सारखा ठेवावा लागे. एका अंगाला झुकता भार आला की जनावर लंगडू लागे, पाठीला जखमा होत. हा उंटवाल्यांचा धडा ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

एक लिटर, एक किलो

पाण्याचे वजन किती, हे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. एक लिटर म्हणजे एक किलो. हे पाठांतर किती महागात पडू शकते, हे ट्रेलर जोडल्यावर कळते.

समजा, रिकाम्या ट्रेलरचे वजन अकराशे किलो आहे आणि कारखान्याने व कायद्याने ठरवून दिलेली कमाल मर्यादा पंधराशे किलो. म्हणजे सामानाला उरले चारशे. त्यात एकशेवीस लिटरची टाकी भरली की एकशेवीस किलो गेले. वीस-वीस लिटरचे दोन कॅन घेतले, आणखी चाळीस गेले. उरलेल्या दोनशेचाळीसात गाद्या, भांडी, गॅसचे नळकांडे, बॅटरी, जादा चाक, हत्यारे, धान्य आणि सर्वांच्या पिशव्या. ट्रेलरचे ‘रिकामे’ वजन बहुधा टाकी रिकामी धरून सांगितलेले असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून जाणते लोक निघण्यापूर्वी सगळे सामान आणि पाणी भरून गाडी वजनकाट्यावर नेतात. माझ्या मेहुण्यांनी तसे केले, तेव्हा बहिणीच्या पिठाच्या डब्यांपैकी दोन डबे घरी राहिले. “दादा, पाणी कमी करता येत नाही, पीठ करता येतं,” असा त्यांनी निकाल दिला. बहिणीची मुद्रा मी येथे वर्णन करीत नाही.

नुसते वजन मोजून भागत नाही. ते कोठे बसले आहे, हे त्याहून महत्त्वाचे. ट्रेलरचा आस म्हणजे तराजूचा मधला काटा समजावा. पुढच्या टोकाला ट्रेलर मोटारीला जोडलेला असतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा या जोडावर टेकलेला असावा, असा तिकडचा सर्वमान्य ठोकताळा आहे. आता हिशेब पाहा. आसापासून जोड तीन मीटर पुढे आहे आणि एकशेवीस लिटरची टाकी आसाच्या एक मीटर पुढे बसविली आहे. तर जोडावर चाळीस किलो जास्त पडतात. तीच टाकी आसाच्या एक मीटर मागे असेल तर जोडावरचे चाळीस किलो उचलले जातात. जोडावरचा भार असा हलका झाला की ट्रेलर शेपटासारखा डावीउजवीकडे झुलू लागतो, आणि वेग असेल तर हा झोका वाढत जाऊन मोटारीसकट सर्वांना रस्त्याबाहेर फेकतो. पाणी पुढे फार असले तर उलट मोटारीची पाठ दबते, नाक वर होते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल पडते.

यावर सरळ उपाय म्हणजे टाकी आसाच्या शक्य तितकी जवळ आणि जमिनीलगत बसवावी. मग ती भरलेली असो की रिकामी, तराजूचा तोल फारसा ढळत नाही. दोन टाक्या असतील, एक आसाच्या पुढे आणि एक मागे, तर आधी मागचे पाणी वापरावे. म्हणजे जोडावरचा भार वाढला तर वाढेल, उचलला जाणार नाही. डावी-उजवी अशा टाक्या असतील तर दोहोंतून आलटून पालटून घ्यावे. कराचीहून आलेल्या उंटवाल्याने हे ऐकून मान डोलावली असती.

न बसणारा प्रवासी

पीठ, पेटी, गादी या वस्तू जेथे ठेवाव्या तेथे राहतात. पाणी राहत नाही. मोटारीने ब्रेक लावला की टाकीतले पाणी पुढे धावते आणि क्षणभराने आणखी एक धक्का देते. वळण आले की बाहेरच्या अंगाला चढते. चढावर मागे गोळा होते. गंमत अशी की टाकी काठोकाठ भरलेली असली तर पाण्याला हलावयास जागा नसते, आणि रिकामी असली तर हलावयास पाणीच नसते. खरी खोडकर ती अर्धी भरलेली टाकी. अर्ध्या घड्याला हिंदकळण्याची खोड असते, हे आपल्या म्हणी सांगतात ते माणसांविषयी. ट्रेलरच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे.

म्हणून चांगल्या टाकीच्या आत आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यांना भोके असतात. पाणी पलीकडे जाते, पण एकदम लोटत नाही. आपल्या दुष्काळी तालुक्यांत फिरणाऱ्या मोठ्या टँकरांच्या पोटातही अशाच पट्ट्या असतात. पण यांत्रिक युगाच्या पुष्कळ आधी बायकांनी हा शोध लावलेला होता. लांबून पाणी आणताना भरल्या हंड्यात एखादी पानांची डहाळी टाकावयाची, म्हणजे पाणी डचमळत नाही, ही रीत आपल्या खेड्यांत पुष्कळांनी पाहिली असेल. ऑस्ट्रेलियातील आदिवासी स्त्रिया ‘कूलामोन’ नावाच्या लाकडी द्रोणीतून डोक्यावर पाणी नेत, आणि त्याही त्यात पानाफांद्या टाकीत. एकमेकींचे नावही न ऐकलेल्या दोन मुलखांतल्या बायकांना पाण्याने एकच गोष्ट शिकविली!

धूळ, धोंडे आणि अनोळखी पाणी

आमची वाट ऊडनाडाटाची होती. ॲडलेडच्या उत्तरेस सहाशेहून अधिक किलोमीटरांवर ‘मरी’ नावाचे छोटे गाव आहे. नाव ऐकून मराठी माणूस दचकतो, पण गाव शांत आहे. उंटवाल्यांनी लावलेली खजुराची झाडे तेथे अजून उभी आहेत. येथून मार्लापर्यंत सुमारे सहाशे किलोमीटर कच्चा रस्ता. या रस्त्यावर आडव्या लाटा उठलेल्या असतात, आपल्याकडच्या धुण्याच्या खरखरीत दगडाला असतात तशा. गाडी तासन् तास थरथरत राहते. मोटारीच्या मागच्या चाकांनी उडविलेले धोंडे थेट ट्रेलरच्या तळावर आपटतात. म्हणून टाकीखाली पोलादी पत्रा हवा, नळ्या उघड्यावर लोंबकळता कामा नयेत, आणि टाकीचे तोंड व हवेची नळी धूळ शिरणार नाही अशी बंद हवी.

सगळ्यांत घातकी गोष्ट अशी की थरथरीने नळीची एखादी पकड सैल झाली, तर टाकी चालता चालता रिकामी होते आणि पत्ता लागत नाही. मागे धुळीचा लोट असतो. त्यात पाण्याची ओली रेघ कोणाला दिसणार? माझे मेहुणे प्रत्येक थांब्यावर आधी वाकून टाकीखाली हात फिरवीत, मग चहाचे नाव काढीत. याच कारणासाठी सगळे पाणी एका टाकीत आणि सगळ्या टाक्या ट्रेलरमध्ये ठेवू नयेत असा जाणत्यांचा आग्रह असतो. पिण्याच्या पाण्याचे एक-दोन कॅन मोटारीत हवेतच. ट्रेलर मोडला, सोडून द्यावा लागला, तरी पाणी माणसांजवळ राहिले पाहिजे.

दुसरा नियम अनोळखी पाण्याचा. या वाटेवर जमिनीखाली पाण्याचा प्रचंड साठा आहे. ‘ग्रेट आर्टेशियन बेसिन’ हे त्याचे नाव. क्षेत्र सुमारे सतरा लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाचपटींहून मोठे. पूर्वेकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस खडकांच्या थरांतून लाखो वर्षे झिरपत येथे येतो आणि कोठे कोठे आपसूक उफाळून वर येतो. उघड्या माळावर, पांढऱ्या क्षारांच्या टेकाडाच्या माथ्यावर, बुडबुडे काढणारे कुंड पाहून काशीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८७२ साली पुरी झालेली तारायंत्राची वाट आणि नंतरची जुनी ‘घान’ आगगाडी या झऱ्यांचाच माग धरून गेली, कारण तारायंत्राच्या माणसांना आणि वाफेच्या इंजिनाला पाणी हवे. पण या पाण्यात क्षार इतके की इंजिनांच्या बंबांनाही ते सोसत नसे. पाणी मऊ करणारे उंच लोखंडी मनोरे १९८० साली बंद झालेल्या त्या लोहमार्गाच्या कडेला अजून उभे आहेत. जे पाणी इंजिनाला पचले नाही ते चांगल्या पाण्याच्या टाकीत ओतू नये. धुण्याला वेगळ्या कॅनमध्ये घ्यावे. एक बादली खारट पाणी शंभर लिटर गोड्या पाण्याची चव बिघडविते.

रोजचा हिशेब

किती पाणी न्यावे? पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज पाच लिटर, आणि धुणे-पुसणे धरून दहा, असा साधारण आडाखा आहे. आम्ही पाच माणसे. टाकी आणि कॅन मिळून एकशेसाठ लिटर. म्हणजे जेमतेम तीन दिवसांची बेगमी. माझा भाचा रोज रात्री काठी बुडवून टाकीची पातळी पाही आणि वाण्याच्या दुकानातल्या मुनिमाच्या थाटात जाहीर करी, “मामा, आज अडतीस लिटर. आईनं सात जास्त वापरले.” बहिणीने हा आरोप मनावर घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिने आमच्या आईची जुनी रीत सुरू केली. भांडी आधी चुलीच्या राखेने घासावयाची आणि मग वाटीभर पाण्याने विसळावयाची. विजेच्या पंपाऐवजी ती हातपंप वापरू लागली. बटण दाबले की पाणी धो धो येते आणि हात विसरतो. दांडा मारावा लागला की प्रत्येक पेल्याची आठवण राहते. चौथ्या दिवशी मुनिमांनी एकतीस लिटरांचा आकडा जाहीर केला आणि मातोश्रींना शाबासकी दिली.

येथे एखाद्या चाणाक्ष वाचकाला शंका येईल. मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, मार्ला ही गावे एकमेकांपासून दोनदोनशे किलोमीटरांवर. म्हणजे मोटारीने तीन-चार तास. मग तीन दिवसांचे पाणी ओढण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? याचे उत्तर असे की, या वाटेवर पाणी अंतरासाठी न्यावयाचे नसते, अडचणीसाठी न्यावयाचे असते. आस मोडला, वाट चुकली, किंवा दूर कोठेतरी सर आली आणि मातीच्या रस्त्याचा चिखल होऊन तो बंद पडला, की दोन-तीन दिवस जागच्या जागी काढावे लागतात. अशा वेळी गाडी सोडून जाऊ नये, हा त्या मुलखातला पहिला नियम. उघड्या माळावर गाडी विमानातून दिसते. माणूस दिसत नाही. आणि गाडीजवळ थांबावयाचे तर गाडीजवळ पाणी हवे.

या नियमामागे मोठे दुःख आहे. मरीहून दुसरा एक रस्ता बर्ड्सव्हिलकडे जातो. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, या रस्त्याने निघालेले पाच माणसांचे एक कुटुंब वाट चुकले. पेट्रोल संपले. पाणी शोधण्यासाठी त्यांनी गाडी सोडली, आणि त्यांतले कोणीही जिवंत परतले नाही. त्या भागात ही गोष्ट अजून सांगितली जाते. ज्या ज्या मुलाला काठी बुडवून टाकी मोजावयास शिकवितात, त्याच्या पाठीमागे ती उभी असते.

पाणी न वाहणारी माणसे

आणि तरीही याच भूमीत हजारो वर्षे माणसे राहत आली, ती टाकीवाचून! त्यांच्याजवळ कूलामोन होती, कातड्याच्या पिशव्या होत्या. पण पाणी साठवून हिंडणे हा त्यांचा मार्ग नव्हता. कोणत्या खडकात पावसाचे पाणी राहते, त्या खळग्यावर कोणता दगड झाकून ठेवावा म्हणजे ते उडून जात नाही आणि जनावरे घाण करीत नाहीत, कोणत्या झाडाचे मूळ उकरून उभे धरले असता त्यातून पाणी ठिबकते, हे ज्ञान ती बरोबर वाहत. पाणवठ्यांची वाट गाण्यांत गुंफलेली असे. गाणे पाठ म्हणजे वाट पाठ. त्यांच्या दृष्टीने ते वाळवंट नव्हतेच, ते घर होते.

हे ज्ञान गोऱ्या लोकांनी कसे मिळविले, हेही सांगितले पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातून गुरे हाकून नेण्यासाठी एक लांबलचक वाट आखण्याचे काम १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंग याच्याकडे आले. साडेअठराशे किलोमीटरांच्या या वाटेवर गुरांना पाजण्याजोगे पाणी कोठे कोठे आहे ते शोधावयाचे होते. त्याने आदिवासींना पकडून साखळ्या घातल्या आणि त्यांच्याकडून त्यांचे पाणवठे दाखवून घेतले. १९०८ साली याची सरकारी चौकशी झाली. साखळ्यांची गोष्ट नाकारली गेली नाही, तरी कॅनिंग निर्दोष ठरला. मग त्या पाणवठ्यांच्या जागी पन्नासेक विहिरी बांधल्या गेल्या. ज्यांचे पाणी होते त्यांना पुष्कळ ठिकाणी ते पोहऱ्याने ओढणेही कठीण झाले. आज हौशी प्रवाशांना सांगतात की, पाणवठ्याच्या अगदी काठावर तळ ठोकू नका, जनावरे बुजतात. त्यात साबण घालू नका. आदिवासींच्या पवित्र झऱ्यांत उतरू नका. आपले पाणी आपण ओढून न्यावे, यात नुसती सावधगिरी नाही. ज्याचे पाणी आहे त्याच्या पाण्याला हात न लावण्याची ती सभ्यताही आहे.

या विचारात असताना आपल्या मराठवाड्याची आठवण होणे अटळ होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला पोचली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी, सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. संकटात ते करणे भागच होते, आणि ज्यांनी केले त्यांचे ऋण लातूरकर विसरणार नाहीत. पण ऑस्ट्रेलियातला प्रवासी परक्या, निर्जन माळावरून जाताना पाणी ओढतो. आपण आपल्याच गावात, आपल्याच घरी बसून ट्रॅक्टरामागे ओढत आणलेल्या टँकरची वाट पाहतो. कोणत्या विहिरीचा झरा वैशाखातही टिकतो, कोणत्या ओढ्यात हातभर खणले की पाझर लागतो, हे सांगणारी म्हातारी माणसे प्रत्येक गावात होती. त्यांच्याजवळचे हे शहाणपण कोणी साखळ्या घालून हिरावून नेले नाही. ते विचारावयास कोणी गेले नाही, इतकेच. काही गावांत अशी माणसे अद्याप आहेत. या दिवाळीला जो गावी जाईल, त्याने फराळाचे ताट पुढे आले की त्यांच्याजवळ बसावे, आणि गावच्या जुन्या विहिरींची नावे एकेक करून विचारून घ्यावीत.